मधली भिंत

ज्याचे रक्षण करावयाचे, त्याच्या जगण्याचे निमित्तच काढून घ्यावे लागावे, असा प्रसंग क्वचित मनुष्यावर येतो. तेव्हा कर्तव्य कोणते आणि क्रौर्य कोणते, हे विद्येला सांगता येत नाही.

भूकंपात तगतील अशा लाकडी घरांची रचना करणे हा सायेकोचा व्यवसाय. जपानातल्या नोतोच्या किनाऱ्यावरील थोरल्या काकांच्या, गेन्जिरोंच्या, घरात ती चटईला कपाळ टेकून बसली होती. वसंतातल्या भूकंपाच्या धक्क्याने शेजारचे घर खाली बसले होते. आत शेजारीण होती; ती वाचली नाही. ते घर सायेकोने पूर्वी तपासले होते, आणि भिंत घालायला शेजारणीचा नकार ऐकून ती मुकाट परतली होती. जमीन अजून स्वस्थ नव्हती.

“काका, पाया पडते. एक भिंत घालू द्या.”

“घाल की. न्हाणीघराला घाल.”

“थट्टा नको. सगळ्या भिंती उत्तरेला, इकडं नुसती सरकती दारं. वर एवढं कौलांचं ओझं. जमीन हलली की घर पिळवटणार नि तुमच्यावर बसणार. भिंत इथंच हवी, मधोमध.”

“आणि उत्सवाला पाहुणे कुठं बसवू? तुझ्या डोक्यावर?”

शरदातल्या उत्सवात कंदिलांचे उंच मनोरे खांद्यांवरून निघत, तेव्हा दारे काढून साऱ्या खोल्या एक होत. ओळखीचा, अनोळखी, जो येई तो जेवून जाई. पूर्वजांनी घर मोकळे बांधले ते त्यासाठीच.

“कोण येतंय, काका? मनोरा उचलायलासुद्धा माणसं उरली नाहीत गावात.”

बोलून गेल्यावर तिला मान वर करवेना.

“एवढा उत्सव होऊ दे,” गेन्जिरो अखेर म्हणाले. “मग हवं ते कर.”

जमीन तोवर थांबेल का, याचे उत्तर तिच्या गणितात नव्हते. आपल्या घरी परतल्यावर प्रत्येक हादऱ्यासरशी ती काकांना फोन करी.

“जिवंत आहे गं. ठेव.”

उत्सवाच्या दिवशी ताटांच्या रांगा मांडून, सणाचा लाल भात वाढून गेन्जिरो दाराशी बसले. तिन्हीसांज झाली. सायेकोखेरीज कोणीही आले नाही.

“बस,” ते म्हणाले. “आता सगळ्यांच्या वाटचं तूच जेव.”

दुसऱ्या दिवशी सुतार आले. नवे खांब उभे राहिले, त्यांत तिरपे दांडे बसले. दुपारी गेन्जिरो आपले ताट घेऊन एका बाजूला बसले. सायेको पलीकडे होती. दांड्यांमधल्या फटीतून त्यांनी मुरवलेल्या मुळ्याची वाटी पुढे केली.

“संध्याकाळी फळ्या लागतील, काका.”

“म्हणून तर आत्ताच देतोय. घे.”

तिने दोन्ही हातांनी वाटी घेतली.

ते लाकूड टिको; आणि त्या भिंतीच्या दोन्ही बाजूंना माणसांचा वावर राहो.