हसवू नका, टाके आहेत!

मित्रांनो, मी एक जुनी, गाठी पडलेली उशी आहे. आजी नवी नवरी होती तेव्हा तिने मला स्वतःच्या हाताने शिवलं. कापूस धड पिंजलेला नव्हता आणि खोळ होती आजोबांच्या विरलेल्या सदऱ्याची. त्याचा खिसा अजून माझ्या पोटावर आहे.

पुढे घरात फोमच्या मऊ उशा आल्या आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. दार वाऱ्याने आपटू लागलं की ते अडवायला तेवढी माझी आठवण यायची. वाईट वाटायचं, पण सांगणार कुणाला?

मग आजीच्या पोटाचं ऑपरेशन झालं. नर्सबाई म्हणाल्या, "घट्ट उशी आणा. पोटाशी धरून खोकायचं असतं." फोमच्या उशा दाबल्या की बसत, म्हणून मला आणलं.

पण आजी खोकेचना. दुखायचं ना! मला कवटाळून ती वरवरचे श्वास घ्यायची. तिच्या छातीतली घरघर मला ऐकू येत होती. सकाळी डॉक्टर नळी लावून बराच वेळ ऐकत राहिले. "कफ साठतोय. संध्याकाळपर्यंत सुटला नाही, तर अतिदक्षता विभागात हलवावं लागेल."

त्यानंतर खोलीत सगळे कुजबुजूनच बोलू लागले. सून प्रत्येकाला दारातच बजावायची, "हसवू नका हं त्यांना. टाके आहेत!" मग येणारा तोंड पाडून बसे. ते चेहरे बघून आजी डोळेच मिटून घेई. दुपार कलली तशी घरघर वाढली. नर्सबाई सारख्या डोकावून जाऊ लागल्या.

तेवढ्यात काठी टेकत आजीची नणंद आली. सून काही बोलणार, तोच नणंदेची नजर माझ्यावर पडली.

"अगं बाई! वहिनी, ही तीच ना गं? दादाची मान अवघडवणारी?"

आजीने डोळे उघडले. "वन्सं... नको हो."

"नको काय! लग्नाला आठवडा झाला नव्हता. दादाची मान डावीकडे वळली ती वळलीच. आणि डावीकडे नेमकी शेजारणीची खिडकी! बिचारीने शेवटी पडदा लावला."

"आत्या, टाके!" सून कळवळली.

आजीचं पोट थरथरलं. "पडदा नाही," ती धापा टाकत म्हणाली, "तिने... तिने नवरा उभा केला खिडकीत!"

आणि ती हसली. हसता हसता कण्हली. सून धावली, पण दारातून आलेल्या नर्सबाईंनी तिला अडवलं. "उशी दाबा, आजी! घट्ट! आता खोका!"

आजीची बोटं त्या खिशात रुतली. मी माझ्या सगळ्या गाठींनिशी टेका दिला. हसण्यातूनच खोकला उठला, पुन्हा उठला, तिचा चेहरा लालबुंद झाला. क्षणभर तिचा श्वास मला ऐकूच येईना. मग कफ सुटला.

संध्याकाळी डॉक्टरांनी पुन्हा नळी लावली.

"राहू द्या इथेच," ते म्हणाले. "आज जे केलंत, ते उद्याही करा."

"घरी गेल्यावर हिचा कापूस पिंजून घेऊ," सून माझ्यावरून हात फिरवत म्हणाली.

"मुळीच नाही," आजी म्हणाली. "वन्संनी मग बोलायचं कशावर?"

म्हणून सांगते मित्रांनो, आजारी माणसापाशी तोंड पाडून बसू नका. त्याला जुन्या गोष्टींची आठवण करून द्या, हसू द्या. फक्त टाके असतील, तर आधी हातात एक घट्ट उशी द्या.