गादमाशीची बांधी

तहसीन सकाळी शेतावर पोचली तेव्हा गिरजाबाई आणि तिच्या मजूर बाया विळे घेऊन तहसीनच्याच प्रयोगाच्या बांधीत, भाताच्या खाचरात, उतरल्या होत्या. भात संशोधन केंद्राचे प्रमुख कोरडे साहेब धुऱ्याच्या बांधावर उभे होते. दुसऱ्या दिवशी मुंबईचे पाहुणे येणार होते, आणि केंद्रातली ही सगळ्यांत कुरूप बांधी नेमकी रस्त्याला लागून होती.

गादमाशीची अळी धानाच्या कोंबात शिरली की लोंबीच्या जागी कांद्याच्या पातीसारखी पोकळ नळी येते. वडशाला अब्बांच्या धानाच्या दुकानात तहसीननं अशा पिकामुळं बैलबंड्या रिकाम्या आलेली वर्षं पाहिली होती. एका जुन्या देशी वाणाला मात्र ही माशी बाधत नसे. त्याचा संकर तिनं हमखास बळी पडणाऱ्या वाणाशी केला आणि पुढच्या पिढ्यांची एकेक ओळ वेगळी लावली. कोणती ओळ तगते, कोणती पडते, हे पानांतल्या डीएनएशी ताडून पाहिलं की तगण्याचा गुण कुठल्या गुणसूत्रावर कुठं बसलाय ते सापडणार होतं. मग नवं वाण घडवताना कोवळ्या रोपाच्या पानावरूनच निवड करता आली असती.

"रोगट तेवढं कापा," साहेब म्हणाले.

"सर, मोजणी व्हायचीय. रोगटच गेलं तर ताडायचं कशाशी?"

"पुढच्या वर्षी लावा."

"मागच्या वर्षीही तुम्ही हेच म्हणालात."

चपला धुऱ्यावर टाकून, सलवार खोचून ती चिखलात उतरली आणि गिरजाबाईच्या विळ्यापुढं उभी राहिली.

"सरका ना बाई. आमाले काऊन मधात घेता?"

"तुमच्यावर राग नाई गिरजाबाई. पण कापाचं असन तं पहिले मले बाजूला करा लागन."

गिरजाबाईनं साहेबांकडं पाहिलं. "साहेब, बाई हटून नाई राह्यली."

"सिरोंच्याला, पार टोकाला, बदली करीन!" साहेब ओरडले.

"करा. मोजणी झाली की जाईन."

साहेब पाय आपटत निघून गेले. बाया धुऱ्यावर येऊन तंबाखू मळू लागल्या. तहसीननं दुपारी फळीवर रंगानं लिहिलं, 'या बांधीत गादमाशी मुद्दाम पोसली आहे', खाली स्वतःचं नाव घातलं आणि ती रस्त्याकडेला ठोकली.

दुसऱ्या दिवशी पाहुणे नेमके तिथंच थांबले. "हे काय?"

साहेब काही बोलायच्या आत तहसीननं एक नळी उपटली, नखानं चिरली आणि आतला कोष तळहातावर धरला. "हिच्यापुढं कोण टिकतं, ते शोधतेय." पाहुण्यांनी नाक मुरडलं आणि ते पुढं गेले. शाबासकी कोणी दिली नाही.

मोजणी पुरी झाली. उन्हाळ्यात डीएनएचा निकाल आला. तगलेल्या जवळजवळ सगळ्या ओळींत एकाच गुणसूत्रावरची एकच खूण होती. काही ओळी जुळल्या नाहीत. त्याही तिनं अहवालात तशाच मांडल्या. त्याच आठवड्यात बदलीचा हुकूम आला.

"अहवालावर पहिलं नाव माझं राहील," साहेब म्हणाले.

"ठेवा. पण तगलेल्या ओळींचं निम्मं बी माझ्यासोबत येईल. सही करा."

साहेबांनी तिच्याकडं न बघता सही केली.

सिरोंच्याच्या शेतावर पोचू नावाचा मजूर तिची ट्रंक उतरवायला आला. त्यानं ती खाली ठेवायच्या आधीच तहसीननं विचारलं, "पोचूभाऊ, इथी गादमाशी पडते का?"

"पडते ना बाई. दरसाल पडते."

"बरं झालं," तहसीन म्हणाली आणि बांध्या पाहायला निघाली.