आलोशला भेटण्याआधी

आलोशियस गेला तेव्हा त्याचा बाप वाडीच्या दुसऱ्या टोकाला केळीची सुकलेली पानं काढत होता. १९९९चा फेब्रुवारी, मंगळवार, सकाळचे आठ. पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात उतू चाललं, तरी पोरगा ते वळवायला येईना म्हणून क्लेमेंट तुस्कानो तिथूनच ओरडला, "झोपलास काय रे?" दोनदा ओरडला. मग चिडून विहिरीकडे गेला. आलोश मोटारीच्या विजेच्या पेटीशेजारी पाटात पालथा पडला होता आणि मोटार चालूच होती.

चोवीस वर्षांचं पोर. अंधेरीला एका छापखान्यात दुपारच्या पाळीला जायचा, म्हणून सकाळी बापाच्या हाताखाली वाडी बघायचा. बुधवारी त्याला पुरलं. गिरीज गाव सगळं लोटलं होतं. आई, मार्सेलिना, शुद्ध हरपेपर्यंत रडली. क्लेमेंट रडला नाही. खड्ड्यात मूठभर माती टाकून त्यानं हात पँटला पुसले आणि लोकांच्या चपला कुठे कुठे पडल्यात ते बघत उभा राहिला.

"धीराचा माणूस," लोक म्हणाले.

धीर नव्हता तो. क्लेमेंटला ते ठाऊक होतं. बसून बसून पाय बधिर होतो, चिमटा काढला तरी दुसऱ्याचा वाटतो, तसं त्याचं सगळं अंग झालं होतं. पुढच्या बुधवारी देवळात फादरकडून कपाळाला राख लावून घेतली, ईस्टरआधीचा उपासकाळ सुरू झाला. ताटात पडेल ते तो खायचा. मोटारीला हात लावायचा नाही, कुणाला लावूही द्यायचा नाही. विहिरीतून कळशीनं पाणी शेंदून मोगऱ्याला घालायचा. निम्मी वाडी करपली. तेही त्यानं नुसतं पाहिलं.

मार्सेलिना अधूनमधून विचारायची, "वायरमन येऊन गेला होता ना आदल्या आठवड्यात? मग असं कसं झालं?"

"अपघात झाला," क्लेमेंट म्हणायचा.

गावाला मात्र उत्तर सापडलं होतं. तो वायरमन, शत्रुघ्न. मूळचा मालवणकडचा, नायगावला भाड्याच्या खोलीत राहणारा, तिशीचा पोरगा. त्यानं मोटार दुरुस्त केली आणि अर्थिंग न जोडताच गेला, म्हणून पेटीत करंट उतरला. देवळाबाहेर, दुकानात, बसथांब्यावर हेच बोलणं. "त्याला पोलिसांत द्या," म्हणणारेही होते. त्याला गावातलं काम मिळेनासं झालं. क्लेमेंट ऐकायचा आणि गप्प राहायचा. त्या गप्प राहण्याचाही त्याला त्रास होत नव्हता. त्रास व्हायला आत काही जागं असावं लागतं.

मार्च संपता संपता एका दुपारी शत्रुघ्न स्वतःच दारात येऊन उभा राहिला. गालफडं बसली होती. ओटीवर चढला नाही. पायरीखालीच उभं राहून म्हणाला, "काकी, मला तुमच्याशी बोलायचंय."

मार्सेलिना मोगऱ्याच्या कळ्या निवडत बसली होती. तिचे हात थांबले.

"माझीच चूक झाली. जुनी अर्थिंग गंजून तुटली होती. नवा खड्डा खणून, तार टाकून द्यायला हवी होती. माझ्याकडची तार संपली होती. आळस केला. तशीच मोटार चालू करून गेलो." तो एका दमात बोलला. पाठ करून आला असावा. "तुम्ही म्हणाल ती शिक्षा द्या. पण मला झोप लागत नाही, काकी."

क्लेमेंट खांबाला टेकून ऐकत होता. पोरगा त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हता. सगळं स्वतःच्या अंगावर घेऊन तो मोकळा होऊ पाहत होता.

"खोटं बोलतोय तो," क्लेमेंट म्हणाला. आपलाच आवाज त्याला लांबून आल्यासारखा वाटला. "तार होती त्याच्या पिशवीत. तो म्हणत होता, काका, आज अर्थिंग केल्याशिवाय मोटार लावू नका. मीच म्हटलं, वाडी सुकतेय, आधी पाणी चालू कर, खड्ड्याचं रविवारी बघू. रविवारी मी लग्नाला गेलो. विसरलो."

"काका..." शत्रुघ्न पुटपुटला.

"मी आलोशलाही सांगितलं नाही, की पेटीला हात लावू नको."

मार्सेलिना उठली. मांडीवरच्या कळ्या खाली सांडल्या. ती आत गेली आणि दार लोटून घेतलं.

तीन दिवस ती नवऱ्याशी बोलली नाही. जेवण वाढायची, कपडे धुवायची, सकाळी देवळात मिस्सेला एकटी जायची. क्लेमेंटनंही बोलायचा प्रयत्न केला नाही. फक्त एक फरक त्याला जाणवला. छातीत डावीकडे काहीतरी दुखत होतं. बरं वाटलं त्याला, निदान दुखतंय तरी.

चौथ्या दिवशी तो कळशी घेऊन विहिरीकडे निघाला, तेव्हा ती मागून आली.

"माफ केलं असं म्हणायला मी आलेली नाही," ती म्हणाली. "ते अजून जमत नाही मला."

त्यानं मान हलवली.

"पण मला आलोशला भेटायचंय. मेल्यावर. तुमचा विश्वास आता राहिलाय की नाही, मी विचारत नाही. माझा आहे. नसता, तर मला सकाळी अंथरुणातून उठता आलं नसतं. भेटल्यावर तो पहिलं काय विचारील? बाबा कसे आहेत, हेच ना? मग काय सांगू मी त्याला? त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं म्हणून?"

क्लेमेंटनं कळशी खाली ठेवली.

"आणि त्या वायरमनचंही विचारील. त्या पोराला लोक एवढं बोलले, तू काय केलंस आई? मला त्याच्यासमोर खाली मान घालून उभं राहायचं नाही." तिनं पदरानं नाक पुसलं. "रविवारी गावाला खरं काय ते सांगा."

तो झावळ्यांचा, ईस्टरच्या आदला रविवार होता. मिस्सा संपल्यावर लोक हातात झावळ्या घेऊन देवळाच्या आवारात रेंगाळत होते. क्लेमेंट पायरीवर उभा राहिला. भाषण त्याला येत नव्हतं. "शत्रुघ्ननं बजावलं होतं. मी ऐकलं नाही. माझ्यामुळं पोरगा गेला. त्या वायरमनला कुणी काही बोलू नका," एवढंच म्हणाला. कुणीतरी लहान मुलाला गप्प केलं. मग लोक एकेक करून निघून गेले. काही जण त्याच्या डोळ्यांत न बघता गेले. एका म्हाताऱ्यानं जाता जाता त्याचा दंड धरला, थोडा वेळ धरूनच ठेवला आणि सोडला.

त्याच संध्याकाळी दोघं रिक्षानं नायगावला गेली. शत्रुघ्न खोलीत एकटाच होता. मार्सेलिनानं त्याला घडलेलं सांगितलं. "उद्या ये," ती म्हणाली. "खड्डा खण, तार टाक. वाडी मरायला लागलीय."

ती थांबली, मग डोक्यावर हात ठेवायला पुढं झाली आणि मधेच हात मागं घेतला. "आज एवढंच," म्हणाली.

तो आला. दीड दिवस काम केलं आणि तीनतीनदा तपासलं.

ईस्टरच्या सकाळी देऊळ माणसांनी फुलून गेलं होतं. मार्सेलिना काळी साडी नेसून बसली होती. बाप्तिस्म्याची वचनं नव्यानं घ्यायची वेळ आली. फादर एकेक प्रश्न विचारत होते आणि लोक उत्तर देत होते. क्लेमेंटचे ओठ नुसते हलत होते. मेलेले पुन्हा उठतील यावर विश्वास आहे का, असं फादरनी विचारलं. सगळ्यांचं "आहे" म्हणून झालं. मग सामसूम झालेल्या त्या क्षणात एकट्या क्लेमेंटचा आवाज आला, "आहे." पुढच्या बाकावरच्या दोघांनी वळून पाहिलं.

दुपारी जेवून उठल्यावर तो ओटीवर मार्सेलिनाशेजारी बसला.

"त्याच्या उजव्या तळव्यावर काळा डाग पडला होता," तो म्हणाला. "जळल्याचा. मी रुमाल गुंडाळला होता त्यावर. तुला दिसू नये म्हणून."



"प्रभूच्या हातावरही खिळ्यांच्या खुणा होत्याच की," ती म्हणाली. "उठल्यावरसुद्धा. त्या पुसून नाही टाकल्या देवानं. त्याच त्यानं शिष्यांना दाखवल्या."

"म्हणजे डाग राहील?"

"ते मला कसं ठाऊक असणार? पण हात आलोशचाच असेल."

क्लेमेंटला रडू आलं नाही. त्या वर्षी आलंच नाही त्याला. छातीतलं दुखणं मात्र आता रोजचं झालं होतं. ऊन उतरू लागलं तेव्हा मार्सेलिना उठून वाडीत गेली, आणि थोड्या वेळानं तोही तिच्या मागोमाग गेला.