आकाशगंगा एकच

पोरं हसतात त्याचा मला कधी राग आला नाही. मिरजेच्या शाळेत विज्ञान शिकवत होतो तेव्हा माझ्या चष्म्याला, माझ्या शिंकेला, फळ्यावरच्या माझ्या वेड्यावाकड्या वर्तुळांना पोरं पोटभर हसायची आणि हसून झालं की धडा ऐकत बसायची. पण मास्तरच पोराला हसतो तेव्हा माझं डोकं फिरतं. मग तो मास्तर मिरजेचा असो नाहीतर चंदीगडचा.

माझी नात ओजस्विनी सातवीत आहे. तिचे वडील, आमचे जावई कुणालराव, हवाई दलात. त्यांची बदली चंदीगडला झाली आणि माझी मुलगी हिमानी इथल्या आयटी पार्कात नोकरीला लागली. दोघंही दिवसभर बाहेर, म्हणून मिरजेचं घर बंद करून मी इथे आलो. रविवारी सकाळी आसपासच्या मराठी घरांतली पाच-सात मुलं आमच्या अंगणातल्या आंब्याखाली जमतात आणि मी त्यांना आकाश शिकवतो, तेही मराठीतून. मुलं उत्तरं हिंदीत देतात, मध्येच इंग्रजीत घुसतात, ‘आजोबा, ये पक्का है ना?’ म्हणतात. माझं काही म्हणणं नाही. कानावर मराठी पडते आहे ना, झालं.

सप्टेंबरात हिंदी पखवाड्यानिमित्त, म्हणजे हिंदी पंधरवड्यानिमित्त, ओजूच्या शाळेत विज्ञानाची प्रश्नमंजूषा झाली, हिंदीतून. मी सभागृहात मागच्या रांगेत बसलो होतो. प्रश्न विचारणारे नरेंद्र सर तिला विज्ञान शिकवतात. तिशीतला हसतमुख माणूस, हातात कार्डांचा गठ्ठा. सूर्याच्या प्रश्नावर ओजूनं खाडकन उत्तर दिलं. लोहाच्या प्रश्नावरही. मग सरांनी पुढचं कार्ड काढलं.

“पूरे ब्रह्मांड में मोटे तौर पर कितनी आकाशगंगाएँ हैं?”

ओजू गोंधळली. मला लांबून दिसलं. मग माइकजवळ वाकून म्हणाली, “आकाशगंगा तो एक ही है, जी.”

सभागृहात हशा उसळला. नरेंद्र सर म्हणाले, “एक ही? फिर से सोच लो, बेटा.”

“एक ही है, सर. हमारी वाली. दीर्घिकाएँ बहुत हैं, अरबों हैं.”

“दीर्घ... क्या?” सरांनी प्रेक्षकांकडे पाहून भुवया उडवल्या. “ये कोई दवाई है? सेक्टर सड़सठ में बनती होगी!”

शेजारच्या मोहालीतल्या सदुसष्ट सेक्टरमध्ये औषधशास्त्राची मोठी संस्था आहे, हे इथल्या पोरासोरांनाही ठाऊक. सगळं सभागृह लोटपोट झालं. पालकही हसले. ओजू माइकसमोर उभी होती आणि सरांच्या हसण्याचा आवाज माइकमधून तिच्या कानात जात होता. मग सर म्हणाले, “महाराष्ट्र की आकाशगंगा अलग होगी, भाई,” आणि पुढच्या कार्डाकडे वळले.

आता हे नीट सांगायला हवं, नाहीतर तुम्हीही हसाल. मराठीत आपण ताऱ्यांच्या अशा कुठल्याही अफाट समूहाला दीर्घिका म्हणतो आणि त्यातली जी आपली, जिच्यात आपला सूर्य राहतो, तिला आकाशगंगा. आकाशगंगा हे त्या एकाच दीर्घिकेचं नाव. इथल्या हिंदीत मात्र तोच शब्द आपल्या दीर्घिकेला आणि तोच परक्या दीर्घिकेलाही सर्रास वापरतात. म्हणजे पोरीला विचारलं होतं काही आणि तिला ऐकू आलं होतं काही. तिला ऐकू आलं त्याचं उत्तर तिनं बिनचूक दिलं. एवढंच नाही, सरांना ज्याचं उत्तर हवं होतं तेही पुढच्याच वाक्यात दिलं. अब्जावधी! आणखी काय सांगायचं होतं तिनं?

घरी आल्यावर दारात बूट काढताना ओजू म्हणाली, “नानाजी, आपने ग़लत पढ़ाया.”

मला ती आजोबा म्हणते. नानाजी तिच्या मैत्रिणींचे असतात.

“मी चुकीचं नाही शिकवलं, ओजू.”

“तो सब हँसे क्यों?”

दुसऱ्या दिवसापासून शाळेत तिचं नाव पडलं ‘एक-ही-है-जी’. डबा खाताना कुणीतरी विचारायचं, “रोटी कितनी लाई?” आणि बाकीचे ओरडायचे, “एक ही है, जी!” हे मला तिनं नाही सांगितलं, हिमानीनं सांगितलं. आणि हेही सांगितलं, की वर्गात सर्वांत आधी हात वर करणारी ही मुलगी आता हात वर करत नाही. हजेरीलासुद्धा नुसती पुटपुटते.

त्या रविवारी मुलं आली. ओजू खोलीतच बसली. खिडकी उघडी होती, तेवढ्यावर मी समाधान मानलं आणि ताऱ्यांचा जन्म-मृत्यू शिकवायला घेतला. धुळीचा आणि वायूचा ढग स्वतःच्याच वजनानं कसा आत कोसळतो, पोटात आग कशी पेटते, सूर्यासारखा तारा म्हातारपणी फुगून लालबुंद कसा होतो, मग वरची सालं उडून जातात आणि मध्ये उरतो तो लहानसा, पांढरा, विझत जाणारा श्वेतबटू.

“बटू म्हणजे सिद्धांत!” आश्लेषा ओरडली. सिद्धांतची मेमध्ये पुण्याला मुंज झाली होती आणि चकोट केलेल्या डोक्यावर केस आत्ता कुठे नीट उगवले होते.

“मी नाही विझत जाणार,” सिद्धांत म्हणाला. “मैं तो बड़ा वाला तारा बनूँगा. बड़ा तारा, ज़्यादा पेट्रोल, सबसे लंबी उमर!”

“नहीं!” खिडकीतून आवाज आला. “बड़ा तारा जल्दी मरता है, बुद्धू! वो खाता भी तो फटाफट है!”

सगळ्यांच्या माना वळल्या. ओजू खिडकीत उभी होती. मी काही बोललो नाही. बोललो असतो तर ती आत गेली असती.

“मग आकाशगंगेचे ते सर्पिल हात एवढे चमकतात कसे?” मी मुलांना विचारलं, पण खिडकीला ऐकू जाईल असं. “मोठे तारे लवकर मरतात ना?”

“वहाँ नए बनते रहते हैं,” खिडकी म्हणाली. “आप ही ने बताया था. गोल चक्कर का ट्रैफिक.”

खरं होतं. चंदीगडात राहून आकाशगंगा शिकवायला गोल चक्करासारखं दुसरं साधन नाही. संध्याकाळी कुठल्याही चौकात गाड्यांची दाटी होते. गाड्या दाटीत शिरतात, हळू होतात, बाहेर पडतात, पण दाटी तिथल्या तिथेच. आकाशगंगेचे सर्पिल हात म्हणजे अशीच दाटी. तारे त्यांत शिरतात आणि निघून जातात. वायूचे ढग मात्र त्या गर्दीत दाबले जातात आणि तिथेच नवे तारे जन्मतात. त्यांतले मोठे, निळे, झगझगीत तारे इतके अल्पायुषी की दाटीतून बाहेर पडायच्या आतच संपतात. म्हणून हात उजळ.

मुलं गेल्यावर ती बाहेर आली. मी म्हटलं, “एवढं येतं तुला.”

“यहाँ आता है. स्कूल में मैं हाथ नहीं उठाऊँगी. कभी नहीं.”

बाराव्या वर्षी कुणी ‘कधीच नाही’ म्हटलं तर मोठी माणसं हसतात. मी हसलो नाही. असं म्हटलेली आणि मग खरोखरच आयुष्यभर हात खाली ठेवलेली मुलं मी पाहिली आहेत.

मी शाळेत गेलो. नरेंद्र सर शिक्षकांच्या खोलीत चहा पीत होते. उठून उभे राहिले, मला खुर्ची दिली, चहा दिला. माणूस वाईट नाही, हे मी कबूल करतो, आणि त्यामुळेच मला जास्त संताप येतो. वाईट माणसाकडून वाईट वागण्याची निदान तयारी तरी असते.

माझी हिंदी मिरजेची. तिच्यात मी जमेल तसं सगळं सांगितलं; इथे माझं बोलणं मराठीतच लिहितो.

“अच्छा-अच्छा,” ते म्हणाले. “तो मराठी में अलग है. इंटरेस्टिंग है जी.”

“हिंदीतही आहे. जुन्या शास्त्रपुस्तकांत दीर्घिकेला मंदाकिनी म्हटलंय. तुम्ही ‘मंदाकिनियाँ कितनी हैं’ विचारलं असतंत तर घोटाळाच झाला नसता.”

“मंदाकिनी?” सर हसले. “वो तो लड़की का नाम है, अंकल जी!”

मी चहाचा कप खाली ठेवला. “सर, शंभर वर्षांपूर्वी जगातले मोठमोठे खगोलशास्त्रज्ञ याच प्रश्नावर भांडत होते. आपली आकाशगंगा हेच सगळं विश्व, की बाहेर तशा आणखी आहेत? एकच म्हणणारे शहाणे लोक होते. ते शेवटी चुकले, पण त्यांना कुणी औषधाचं दुकान दाखवलं नाही. माझी नात तर चुकलीही नव्हती.”

“मज़ाक था, अंकल जी. बच्चे हैं, मज़ाक चलता है.”

“मुलांचं चालतं. तुम्ही मूल नाही.”

ते जरा गंभीर झाले. मग म्हणाले, “ठीक है. सोमवार की असेंब्ली में उसे दो मिनट देता हूँ. आके सही उत्तर बोल दे, मैं तालियाँ बजवा दूँगा. सब भूल जाएँगे.”

“उत्तर तिनं दिलंय. आता तुम्ही सांगायचंय. ज्या मुलांसमोर हसलात त्यांच्यासमोर म्हणायचं, प्रश्नातला शब्द संदिग्ध होता, ओजस्विनी बरोबर होती. एवढंच.”

“टीचर स्टेज से सॉरी बोलेगा?” त्यांना खरंच आश्चर्य वाटलं. “बच्चे सिर पर चढ़ जाएँगे जी.”

मी आयुष्यभर शिकवलं. फळ्यावर चुकलो की पुसून ‘माझं चुकलं रे’ म्हणायचो. एकही पोरगं डोक्यावर चढलं नाही. उलट पोरं विश्वासानं जवळ आली. पण हे मिरजेच्या हिंदीत कसं सांगायचं?

घरी कुणालराव म्हणाले, “बाबा, जाऊ द्या ना. दीड वर्षात बदली होईल, नवी शाळा, नवी मुलं. यांना कोण लक्षात ठेवतंय?”

“ती ठेवेल,” मी म्हटलं. “बदली तुमची होते, कुणालराव. तिच्या मनातलं तिच्याबरोबर गाडीत बसतं.”

माझा आवाज चढला होता. हिमानी म्हणाली, “बाबा, तुम्ही दोघं भांडताय, पण तिला कुणी विचारलंय का?”

विचारलं. सरांनी काय देऊ केलंय आणि काय नाकारलंय, दोन्ही सांगितलं. “मैं बोलूँगी,” ओजू म्हणाली. “लेकिन आप मत सिखाना क्या बोलना है.”

गप्प बसणं माझ्यासारख्याला किती कठीण, हे शिक्षकाच्या घरातल्यांनाच कळेल. सोमवारपर्यंत मी गप्प बसलो.

असेंब्ली मैदानावर होती. मला कडेच्या भिंतीपाशी उभं राहू दिलं. प्रार्थना झाली, बातम्या झाल्या. नरेंद्र सरांनी तिचं नाव पुकारलं आणि रांगांमधून कुजबुज उठली, ‘एक ही है, एक ही है’. ओजू पायऱ्या चढली. माइक उंच होता, तिनं तो दोन्ही हातांनी खाली ओढला.

“चंडीगढ़ कितने हैं?” तिनं विचारलं.

क्षणभर कुणाला कळेना. मग धाकट्या वर्गांतून एक बारीक आवाज आला, “एक!”

“पक्का?”

“एक!” आता बरेच ओरडले.

“और शहर कितने हैं?”

“बहुत!”

“अगर सर पूछें, इंडिया में चंडीगढ़ कितने हैं, और मैं बोलूँ एक, तो हँसोगे?” ती थांबली. कुणी हसलं नाही. “मेरे घर में आकाशगंगा हमारे वाले शहर का नाम है. बाकी शहरों को दीर्घिका बोलते हैं. मुझसे शहर का नाम लेकर पूछा, मैंने बोला एक. बस.”

हे उदाहरण मी शिकवलेलं नव्हतं. मला कधी सुचलंच नसतं.

नरेंद्र सर पुढे आले. माइककडे झुकून प्रसन्नपणे म्हणाले, “बहुत अच्छे! देखिए बच्चो, ओजस्विनी ने अपनी ग़लती सुधार ली. ज़ोरदार तालियाँ!”

टाळ्या सुरू झाल्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एवढं ऐकूनही तिचीच चूक! मी भिंत सोडून दोन पावलं पुढे गेलोही.

पण ओजू माइकजवळून हललीच नव्हती. तिनं उजवा हात वर केला, वर्गात करतात तसा, सरळ, कोपर न वाकवता. टाळ्या विरत गेल्या. सरांना विचारावंच लागलं, “हाँ, बेटा?”

“सर, मेरी ग़लती नहीं थी. सवाल की थी.”

मैदानावर कुणी हसलं नाही. सरांचा चेहरा लाल झाला. मग त्यांनी घड्याळ पाहिलं, म्हणाले, “चलो, चलो, पहला पीरियड,” आणि रांगा वळल्या. माफी कुणी मागितली नाही. ओजू आपल्या वर्गाच्या रांगेत शिरली आणि पुढच्या मुलीनं वळून तिला काहीतरी विचारलं. ओजू हातांनी हवेत मोठं वर्तुळ काढून सांगू लागली.

नरेंद्र सर माझ्याजवळ आले. आवाज खाली आणून म्हणाले, “अंकल जी, लड़की होशियार है. पर बड़ों से बात करने का तरीका घर पर सिखाइए.”

“शिकवलंय,” मी सरळ मराठीत म्हटलं. “तेच तर आत्ता ऐकलंत.”