एका बाजूचा वारा

मित्रांनो, मी एक जुना टेबलपंखा आहे. वारा फुकट असतो असे म्हणणाऱ्यांशी माझा कायमचा वाद आहे. मोकळ्या माळावर तो फुकट असेलही; परंतु सिल्वासातल्या पत्र्याच्या खोलीत, एप्रिलच्या दुपारी, एकाला वारा द्यायचा तर तो दुसऱ्याच्या अंगावरून काढूनच द्यावा लागतो.

माझी उमेदीची वर्षे हेमंतराव नावाच्या पुण्याच्या इंजिनियरांच्या बैठकीत गेली. तेव्हा मी डौलाने मान फिरवत असे आणि पाहुणे माझे कौतुक करीत. पुढे मानेतले दाते झिजले, मी एकाच दिशेला अडकलो आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. तेथून मला त्यांच्याच कारखान्यातल्या भिकाने आणले. भिका शहाद्याकडचा, दादऱ्याच्या धाग्याच्या कारखान्यात कायम रात्रपाळीला. बायको आणि धाकटी मुले गावी होती. थोरली रोहिणी मात्र शिक्षणासाठी त्याच्याजवळ राहत होती.

रोहिणी अखिल भारतीय वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला दुसऱ्यांदा बसणार होती. पहिल्या खेपेस ती थोडक्यात राहिली. आत्याने नवापूरचे स्थळ हेरून ठेवले होते. भिकाने आपल्या या बहिणीकडून एवढे एक वर्ष मागून घेतले होते. या खेपेस नाव लागले नाही, तर पुस्तके बंद आणि लग्न, असे ठरले होते.

भिका सकाळी येई, जेवे, मला रोहिणीकडे वळवी आणि भिंतीकडे तोंड करून निजे. त्याचा डोळा लागताच रोहिणी मला उचलून त्याच्याकडे वळवी. घामाने तिचे मनगट वहीला चिकटे. तो जागा झाला की पुन्हा तेच.

"बाबा, राहू द्या तुमच्याकडं. रात्री डुलकी लागली तर धाग्याबरोबर हात जाईल आत."

"तू वाच, माय. माझं डोकं बंद पडलं तरी चालतं. तुझं चालू राहायला पाहिजे."

माझे दाते बदलून घ्यावेत, हे दोघांनाही सुचले नाही. देण्याच्या हट्टापुढे माणसाला दुरुस्ती सुचत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

एके दिवशी भिका म्हणाला, "आता डबल पाळी मिळाली. दुपार तिकडंच." तेव्हापासून सगळा वारा रोहिणीचा झाला. परीक्षा जवळ आली तशी शेजारची तानूबाई आली. ती दादऱ्याच्या वनगंगा बागेत झाडलोट करीत असे.

"काय गं, तुझ्या बापाला बागेची रखवाली दिली का कोणी? रोज बाकावर तोंड उघडं टाकून पडलेला असतो. पोरं पोटावर पानं ठेवून हसतात."

संध्याकाळी भिका आला तेव्हा रोहिणीने पुस्तके गाठोड्यात बांधली होती.

"मला नाही बसायचं परीक्षेला."

भिका उंबऱ्यातच उभा राहिला. "मग माझी झोप फुकट गेली म्हण की," एवढेच तो बोलला.

तिने गाठोडे सोडले. पण त्या दिवसापासून तिचे वाचणे मला वाचणे वाटेना. एकच पान पुढे धरून ती ओठ हलवीत बसे. माझ्या वाऱ्याने पान उलटले, तरी तिला कळत नसे. मित्रांनो, उपकाराचे ओझे डोक्यावर घेऊन कोणाला शिकता येते, हे मला कोणी पटवून द्यावे.

ती मुंबईला जाऊन परीक्षा देऊन आली. यादी लागली. तिचा क्रमांक नव्हता.

भिकाने वर्तमानपत्र पुन्हा पुन्हा उलटून पाहिले, मागची जाहिरातसुद्धा पाहिली. मग म्हणाला, "आणखी एक साल मागतो मी तुझ्या आत्याकडं. पाया पडतो तिच्या."

"नको बाबा," रोहिणी म्हणाली. "तुम्ही आता घरी झोपा."

आषाढ लागण्यापूर्वी ती सासरी गेली. आता सगळा वारा भिकाचाच आहे. दुपारी तो मला चालू करतो आणि उघड्या डोळ्यांनी पत्र्याकडे पाहत पडतो.

मित्रांनो, माझे मागणे एवढेच आहे. थकलेले मूल "नको" म्हणाले, तर तो त्याचा निर्णय मानण्याची घाई करू नका. ते वर्ष त्याच्यासाठी मागाच. आणि कुठे झोपता, हे त्याला खरे सांगा.