पांढराच आहे

सुमतीने तळहातांची ओंजळ केली आणि नानांच्या पाठीवर, बरगड्यांच्या खालच्या बाजूला, थोपटायला सुरुवात केली. नाना पलंगावर पालथे पडले होते. पोटाखाली दोन उशा, डोकं आणि खांदे पलंगाच्या कडेवरून खाली लोंबलेले, आणि तोंडाखाली फरशीवर एनॅमलचा पांढरा वाडगा. थोपटण्याचा तो पोकळ आवाज पनवेलच्या लाइन आळीतल्या त्या घरात सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला व्हायचाच. शेजारच्या गंगाबाई सकाळच्या आवाजावर दुधासाठी उठत.

नाना खोकू लागले. खोकला खोलवरून आला, अडला, पुन्हा आला, आणि शेवटी बेडका वाडग्यात पडला. सुमतीने त्यांना उठवून भिंतीला टेकवलं, तोंड पुसलं आणि वाडगा खिडकीपाशी नेला.

कफ हिरवा होता. कडेला नाही, मधे नाही, सगळाच.

नानांना तरुणपणी क्षय झाला होता. क्षय बरा झाला, पण जाताना फुप्फुसांचा खालचा भाग नासवून गेला. तिथल्या नळ्या सैल पडल्या, त्यांत कफ साचू लागला आणि साचल्या कफात जंतूंनी घर केलं. कोर्टातली कारकुनी त्यांनी खोकतच संपवली. डॉक्टरांनी सुमतीला एक साधा नियम शिकवला होता. कफ पांढरा असेल तर काळजी नको. पिवळा झाला तर लक्ष ठेवायचं. हिरवा झाला तर त्याच दिवशी पेशंट घेऊन यायचं, उद्यावर टाकायचं नाही. गेल्या वर्षी मुंबईला पाठवलेल्या कफाचा रिपोर्ट आला तेव्हा त्यांनी आणखी एक सांगितलं. हे जंतू आता गोळ्यांना जुमानत नाहीत. यापुढे प्रत्येक वेळी दहा दिवस दवाखान्यात राहायचं आणि इंजेक्शनं घ्यायची.

ते दहा दिवस नानांजवळ बसायचं ते सुमतीने. दुसऱ्या कुणाचा हात पाठीवर पडला तर नाना अंग आखडून घेत.

तिचं डी.एड. होऊन सात वर्षं झाली होती. दोनदा मुलाखतीचं बोलावणं आलं आणि दोन्ही वेळा ती दवाखान्यातल्या स्टुलावर बसून राहिली. पहिल्या वेळी ती रडली, तेव्हा नाना म्हणाले होते, नोकरी काय पुन्हा मिळेल, बाप पुन्हा मिळायचा नाही. दुसऱ्या वेळी ती रडली नाही. मधल्या काळात धाकट्या भावाचं, अविनाशचं लग्न झालं, सुनंदा घरात आली, आणि सुमतीची वळकटी आतल्या खोलीतून नानांच्या पलंगाखाली आली.

आता तिसऱ्यांदा कागद आला होता, आणि या वेळी तो मुलाखतीचा नव्हता, नेमणुकीचा होता. म्हसळ्याजवळच्या एका गावात प्राथमिक शाळा. सोमवारी सकाळी हजर व्हायचं. न झाल्यास नेमणूक रद्द समजली जाईल. पुढच्या वर्षी तिचं वय नोकरीच्या मर्यादेबाहेर जाणार होतं. आज रविवार होता, आणि म्हसळ्याची एसटी साडेआठला सुटत होती.

तिची बॅग दाराशी भरून ठेवलेली होती. डॉक्टर दवाखान्याच्या वरच राहत. रविवार असला तरी ते खाली आले असते.

"आज तोंडाला वाईट चव आहे," नाना म्हणाले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. तिच्या आवाजाच्या दिशेने त्यांनी मान वळवली. "रंग कसा आहे गं?"

सुमतीने पदराने वाडग्याची बाहेरची कड पुसली. कड कोरडीच होती.

"पांढराच आहे, नाना."

नानांनी मान डोलावली. या एका गोष्टीत त्यांनी तिच्यावर कधी अविश्वास दाखवला नव्हता. वाडगा मोरीत ठेवून ती देवापुढे दिवा लावायला गेली. हात जोडले, पण काय मागावं ते तिला सुचलं नाही. परत येऊन तिने वाडग्यात भरपूर पाणी ओतलं, फिनेल टाकलं आणि आतून बोट फिरवून तो तीनदा धुतला. मग सुनंदाला बोलावून पाठ कशी थोपटायची ते दाखवलं, रंगांचा नियम सांगितला, आणि संध्याकाळपासून तू बघत जा म्हणाली. सुनंदाने सगळं ऐकून घेतलं. निघताना सुमती नानांच्या पाया पडली तेव्हा त्यांचं पाऊल नेहमीपेक्षा गरम लागलं.

सोमवारी ती शाळेत हजर झाली. मस्टरवर सही करताना तिचं अक्षर हललं नाही.

बुधवारी दुपारी शाळेच्या पत्त्यावर तार आली. ती पनवेलला पोचली तोवर नाना दवाखान्यात होते, नाकाला नळी, हाताला सलाइन. अविनाशने मंगळवारी संध्याकाळी ताप डोक्यात गेल्यावर आणलं होतं. डॉक्टरांनी सुमतीला बाजूला घेतलं. जंतू रक्तात उतरले आहेत, म्हणाले. दोन दिवस आधी आणलं असतं तर हातात काही होतं. मग ते असंही म्हणाले की तुम्ही घरात असता तर ही वेळ आली नसती, हे मला ठाऊक आहे. सुमतीने त्यांच्या शर्टाच्या खिशाला लावलेल्या पेनाकडे बघत ते ऐकलं.

खाटेपाशी अविनाश सुनंदाला विचारत होता. शेजारच्या खाटेवरचे लोक ऐकत होते, तरी त्याने आवाज खाली आणला नाही. ताई सगळं शिकवून गेली होती, मग तुला एक रंग ओळखता येत नाही का, असं त्याने दोन-तीनदा विचारलं. सुनंदा भिंतीला पाठ लावून उभी होती. माझ्या लक्षात नाही आलं, एवढंच ती म्हणाली.

नानांना श्वासागणिक एकेक शब्द बाहेर काढावा लागत होता. सुनंदाने चमच्याने पाणी पुढे केलं तेव्हा त्यांनी दात आवळून घेतले.

"हिच्या हातचं नको," ते म्हणाले. "हिनं... मारलं मला. सुमा... माझी सुमा असती तर..."

सुमतीने सुनंदाच्या हातातून चमचा घेतला. नानांनी तोंड उघडलं. पाणी पिताना त्यांनी तिचं मनगट धरून ठेवलं, इतकं घट्ट की नंतर तिथे बोटांचे वळ उमटले.

असं तीन दिवस चाललं. भेटायला येणारे नातेवाईक आधी नानांकडे बघत, मग सुमतीच्या डोक्यावरून हात फिरवत, आणि बाहेरच्या बाकावर सुनंदा बसली असेल तिथून सरकून बसत. एका चुलत मावशीने तिला ऐकू जाईल असं म्हटलं की सून शेवटी परक्याचीच. सुमती तिथेच होती. ती नानांचा टॉवेल पिळत होती. ती पिळत राहिली.

शनिवारी पहाटे नाना गेले. शेवटचं पाणी सुमतीच्या हातचं होतं, आणि ही गोष्ट पुढचे तेरा दिवस आल्यागेल्याला सांगितली गेली.

चौदाव्या दिवशी सकाळी तिला निघायचं होतं. बाहेरच्या खोलीतला पलंग अविनाशने आदल्या दिवशीच उभा करून भिंतीला लावला होता. खोली एकदम मोठी दिसत होती. सुमती स्वयंपाकघरात आली तेव्हा सुनंदा तिच्या डब्यात पोळ्या भरत होती. या दिवसांत दोघींमध्ये कामापलीकडे बोलणं झालं नव्हतं. काहीतरी म्हणावं म्हणून सुमती म्हणाली की अविनाशचं मनावर घेऊ नकोस, दुःखात माणूस बोलतो.

सुनंदाने पोळीची घडी घातली.

"त्या रविवारी तुम्ही वाडगा मोरीत ठेवून देवापाशी गेलात ना, वन्सं," ती म्हणाली, "तेव्हा मी तोंड धुवायला आले होते."

स्टोव्ह भरभरत होता. सुनंदाने वाकून त्याची हवा सोडली आणि घरात शांत झालं.

"मग तेव्हाच का नाही बोललीस?" सुमतीने विचारलं. "आणि सोमवारी? मंगळवारी?"

सुनंदाने डब्याचं झाकण लावलं, कडी नीट बसली का ते बघितलं, आणि डबा तिच्या पुढे धरला.

"तुमची गाडी होती," ती म्हणाली. "जाऊन लगेच परत यावं लागलं असतं तुम्हाला. मग पुन्हा आपण सगळे इथेच."

तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. सुमतीने तिथे काय आहे ते शोधून बघितलं, आणि मग बघवेना म्हणून डबा घेतला.

बाहेर अविनाश रिक्षा घेऊन आला होता. त्याने बॅग उचलून आत ठेवली, आणि रिक्षा निघण्याआधी ताईच्या खांद्यावर हात ठेवून, दारात आलेल्या बायकोकडे न बघता म्हणाला,

"तू होतीस तोवर नाना होते, ताई. काय झालं ते मी हिला जन्मात विसरू देणार नाही."

सुनंदा दारात उभी होती. ती सुमतीकडे बघत होती. वाट बघत होती असंही म्हणता आलं नसतं.

सुमतीने डबा मांडीवर घेतला आणि रिक्षावाल्याला म्हणाली, एसटी स्टँड.