ती कुणाकडे शांत बसते

आक्कांनी ठिगळी मांजरीला जुन्या टॉवेलात गुंडाळलं, चारही पाय आत दाबले, मान तेवढी बाहेर ठेवली आणि मुठीत धरून कोमट केलेल्या पिचकारीचं टोक तिच्या गालाच्या कोपऱ्यातून आत सारलं. पिवळं औषध गेलं. थोडं टॉवेलावर आलं, थोडं आक्कांच्या मनगटावर. ठिगळीने एकदाच, म्हाताऱ्या माणसाने तक्रार करावी तसा, लांब आवाज काढला.

“झालं गं, झालं. मी काय तुझी वैरीण आहे?”

टॉवेल सुटताक्षणी ठिगळी मांडीवरून उतरली. उतरली म्हणजे घरंगळली. उडी मारण्याएवढं मांस तिच्यात उरलं नव्हतं. शिलाई मशीनला वळसा घालून, कापडाच्या गठ्ठ्याला टेकत, मध्येच बसून दम खात ती खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेली. तिथे खिडकीशी वेताच्या खुर्चीत विहीणबाई शाळेच्या शर्टांना बटणं लावत बसल्या होत्या. त्यांनी हातातला शर्ट बाजूला ठेवला आणि नुसता हात खाली सोडला. ठिगळी त्या हाताच्या आधाराने मांडीवर चढली, दोनदा गोल फिरली आणि आक्कांकडे पाठ करून बसली.

पाठ करून. आक्कांनी ते पाहिलं आणि पिचकारी नळाखाली गरजेपेक्षा जास्त वेळ धुतली.

विहीणबाई म्हणजे सुनेची आई. न्हाणीघरात पाय घसरला, खुब्यात सळी घालावी लागली, एकट्या कशा राहणार म्हणून लेकीकडे आल्या. दोन महिन्यांसाठी आल्या होत्या, आता पाचवा चालू होता. आक्कांची त्याला ना नव्हती. त्यांनीच मुलाला फर्मावलं होतं, की जा आणि घेऊन ये, माझं घर काही कुणाच्या येण्याने लहान होत नाही. पण घर द्यायचं म्हणजे मांजरही द्यायचं, असं काही ठरलं नव्हतं.

ठिगळी आक्कांची होती. चौदा वर्षांपूर्वी चिंध्यांच्या खोक्यात सापडली तेव्हा तिचे डोळेही उघडले नव्हते. दुधात कापसाचा बोळा बुडवून आक्कांनी तिला वाढवली. पांढऱ्या अंगावर काळे-तांबडे तुकडे, जणू खोक्यातल्याच उरल्यासुरल्या कापडांतून कुणीतरी घाईघाईने शिवून टाकलेली, म्हणून ठिगळी. आक्कांचे पाय मशीनवर चालू असले की ती मशीनखाली, पाय थांबले की मांडीवर. नवरा गेला तेव्हा आक्का चारचौघांत रडल्या नाहीत. काय दगडाची बाई आहे, असं लोक म्हणाले. म्हणोत. ज्या पाठीच्या केसांत त्यांनी तोंड खुपसलं होतं, ती पाठ कुणाला सांगायला जाणार नव्हती.

तीच पाठ आता त्यांना फिरवून दाखवली जात होती.

तिची मूत्रपिंडं गेली असं जनावरांच्या डॉक्टरने सांगितलं तेव्हापासून हे सुरू झालं. दिवसातून दोनदा पिचकारीने औषध, एक दिवसाआड मानेच्या कातडीखाली सलाईन. पहिल्याच दिवशी विहीणबाईंनी हात पुढे केला होता.

“द्या माझ्याकडे, आक्का. छत्तीस वर्षं मुलांच्या वॉर्डात नर्स होते. औषध पाजण्यातच जन्म गेला.”

“राहू द्या. माझ्या मांजरीचं माझं मी बघीन.”

“बरं. मग टॉवेलात घट्ट गुंडाळून घ्या. औषध मुठीत धरून जरा कोमट करा. आणि जिभेवर नको, गालातून सोडा. कडू फारसं कळत नाही.”

“मला शिकवू नका,” आक्का म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून अगदी तसंच करू लागल्या.

अशी वाटणी झाली. सुई आक्कांची, पिचकारी आक्कांची, टॉवेल आक्कांचा, मांडी विहीणबाईंची. मुक्या जनावराला कोण जगवतंय ते कळत नाही, कोण टोचतंय ते कळतं, एवढी अक्कल आक्कांना होती. पण अक्कल असली म्हणून पोटात दुखायचं थांबत नाही. विहीणबाईंच्या साडीवर मांजरीचे केस दिसले तरी त्यांना ते उपटून आणल्यासारखे वाटत.

एकदा त्यांनी निराळा उपाय करून पाहिला.

“विहीणबाई, ऊन येतंय हो तुमच्यावर. खुर्ची आत घेऊ का?”

“असू दे. बरं वाटतं उन्हात.”

“रंग काळवंडेल.”

“आता माझा रंग बघायला कोण येणार आहे?”

तरी आक्कांनी खुर्ची आत घेतलीच. ऊन खिडकीशी राहिलं. आणि जिने चौदा वर्षांत उन्हाचा कवडसा कुणासाठी सोडला नव्हता ती ठिगळी कवडसा सोडून, लटपटत, खुर्चीमागोमाग सावलीत गेली. दुसऱ्या दिवशी खुर्ची पुन्हा खिडकीशी दिसली. ती कुणी ठेवली, हे कुणी विचारलं नाही.

ठिगळी पाठ करून बसली त्याच दिवशी दुपारी डॉक्टर घरी येऊन ठिगळीला पाहून गेला. पोरसवदा होता, पण हाताला घाई नव्हती. त्याने तिच्या हिरड्या पाहिल्या, कातडीची चिमूट सोडून पाहिली, आणि कानांत घातलेली नळी काढून गळ्यात अडकवली.

“आजी, आता सलाईनने काही होणार नाही. ती तुमच्यासाठी दिवस ओढतेय. उद्या चार वाजता येतो मी. एक झोपेचं इंजेक्शन, ती झोपली की दुसरं. तिला कळणारही नाही.”

आक्कांनी पदर खांद्यावर नीट केला. “टेबलावर घ्यायचं का?”

“छे. मांडीवरच. ओळखीच्या मांडीवर असली की घाबरत नाहीत. कुणाकडे शांत बसते ही?”

खोलीत तिघी होत्या. सुनेचे डोळे आईकडे गेलेच. विहीणबाईंनी खाली पाहिलं. खाली ठिगळी त्यांच्या पदरात डोकं घालून बसली होती; तिला कुणी विचारलं नव्हतं तरी तिने उत्तर देऊन ठेवलं होतं.

“बरं, मग या आजी घेतील,” डॉक्टर म्हणाला. “उद्या सकाळी फक्त हे एक औषध द्या. मळमळ नको व्हायला.”

या आजी! आक्कांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कापसाचा बोळा कुणी धरला होता? रात्र-रात्र कोण जागलं होतं? आणि शेवटचा श्वास सोडायला या आजी. संध्याकाळी त्यांनी एका शर्टाची बाही उलटी जोडली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सून कामावर गेली. “मी तीनला येतेच,” असं दोघींकडे पाहून म्हणाली, आणि ठिगळीच्या कपाळावर बोट टेकवून, मागे वळून न पाहता जिना उतरली. मुलगा बाहेरगावी होता. घरात दोन म्हाताऱ्या आणि एक मांजर उरली.

आक्का कापडावर खडूने खुणा करत होत्या. वर न बघता म्हणाल्या,

“विहीणबाई, आजचं औषध तुम्ही द्या.”

बटणात गेलेली सुई तिथेच थांबली.

“मी?”

“छत्तीस वर्षं वॉर्डात होता म्हणता ना. आम्हालाही दिसू दे की हात कसा चालतो ते. माझे हात आज धड नाहीत.”

आक्कांचे हात ठणठणीत होते. सकाळपासून त्यांनी सहा पँटी कापून ठेवल्या होत्या, आणि एकाही घडीची कड वाकडी नव्हती. विहीणबाईंनी त्या घड्यांकडे पाहिलं. मग आक्कांकडे पाहिलं, चांगला वेळ घेऊन. हातांचं कारण खोटं आहे, आणि खरं कारण काय आहे, हे त्यांना कळलं. त्यांना कळलं हे आक्कांनाही कळलं. आक्कांनी हनुवटी वर केली. कळलं तर कळलं! टोचणारे हात म्हणजे काय असतात, ते एकदा त्या मांडीलाही कळू दे.

“देते,” विहीणबाई म्हणाल्या.

काठी टेकत त्या उठल्या, फ्रिजमधून औषध काढलं आणि तसंच पिचकारीत भरलं. परत येऊन बसल्या. ठिगळी नेहमीप्रमाणे मांडीवर चढली. विहीणबाईंनी तिच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला. मग टॉवेल न घेता, आहे तशीच तिला धरून, जबडा वर केला आणि पिचकारी सरळ जिभेवर रिकामी केली. गार, कडू, सगळं एकदम.

ठिगळीने काढलेला आवाज आक्कांनी चौदा वर्षांत ऐकला नव्हता. विहीणबाईंच्या मनगटावर तीन लाल रेघा ओढून ती खाली पडली.

“अहो, हे काय!” आक्का खडू टाकून ओरडल्या. “कोमट करायचं असतं, गालातून सोडायचं असतं! त्या वॉर्डातल्या पोरांचे असेच हाल केलेत का हो जन्मभर?”

“विसरले बाई,” विहीणबाई म्हणाल्या. “हात गेला आता माझा.”

ठिगळी खोलीच्या मधोमध उभी होती, पाय पसरून, डोकं झाडत. तिने खुर्चीकडे पाहिलं. मग ती वळली. कापडाच्या गठ्ठ्याला टेकली, बसली, पुन्हा उठली आणि मशीनच्या दिशेने येऊ लागली. आक्का हळूच स्टुलावर बसल्या. श्वासाचाही आवाज होऊ दिला नाही. त्यांनी नुसता हात खाली सोडला.

मांडीवर आली तेव्हा तिचं वजन एका पोराच्या शर्टाइतकंही वाटलं नाही. आक्कांनी पदर ओढून तिच्यावर घेतला. मग खिडकीकडे पाहिलं.

“बघा. शेवटी आपलं माणूस ओळखतंच.”

“हो,” विहीणबाई म्हणाल्या. “ओळखतंच.”

त्या ‘हो’मध्ये काटा नव्हता. आक्कांनी तो शोधला, पण सापडला नाही, आणि त्याचंच त्यांना जरा चुकल्यासारखं वाटलं. टोमणा मारावा आणि समोरच्याने तो घडी घालून ठेवून द्यावा, अशाने जिंकल्याची मजा राहत नाही.

तरी जिंकल्या होत्या. दिवसभर त्या स्टुलावरून उठल्या नाहीत. पँटी पडून राहिल्या, जेवण झाकलेलं राहिलं, डाव्या पायाला मुंग्या येऊन येऊन तो दुसऱ्या कुणाचा झाला. ठिगळी झोपत होती, जागी होत होती. मध्ये एकदा तिने मान उचलून खिडकीकडे पाहिलं, तेव्हा आक्कांनी तिच्या डोळ्यांवर अलगद तळवा धरला. खुर्चीत विहीणबाईंनी रिकाम्या मांडीवर शर्टांचा ढीग घेतला होता, त्या एकामागून एक बटण लावत होत्या, आणि सुईत दोरा ओवायला त्यांना चष्माही लागत नव्हता.

तीनला सून आली. तिने आधी मशीनकडे पाहिलं, मग खुर्चीकडे, मग पुन्हा मशीनकडे. ती आईजवळ गेली.

“हे काय लागलंय तुला?”

“काही नाही. ठिगळीनं ओरबाडलं. औषध देताना चुकले मी.”

“तू?” सुनेला हसूच आलं. “तू चुकलीस? अगं, तापातली पोरं झोपेतून न उठता औषध प्यायची तुझ्या हातून. आक्का, वॉर्डातले मोठे डॉक्टर यायचे हो हिचा हात बघायला. आणि हिला एक मांजर...”

“चहा टाक जा,” विहीणबाई म्हणाल्या.

“अगं पण...”

“टाक म्हणते ना.”

सुनेने आईकडे पाहिलं. हसू तोंडावरच विरलं. ती स्वयंपाकघरात गेली.

ठिगळीच्या पाठीवर फिरणारा आक्कांचा हात थांबला होता. टॉवेल नाही. औषध गार. आणि जिभेवर. तीन गोष्टी त्या बाईने शिकवल्या होत्या, आणि तिन्ही एकाच सकाळी विसरली होती.

आक्कांनी खुर्चीकडे पाहिलं. विहीणबाई खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांनी मनगट पदराखाली घेतलं होतं.

चारला पाच कमी असताना डॉक्टर आला. चपला काढल्या, पेटी उघडली, आणि ठिगळी कुठे आहे ते पाहून क्षणभर थबकला.

“आज इकडे?”

“आज इकडे,” आक्का म्हणाल्या. मग खुर्चीकडे वळून, नेहमीच्या खणखणीत आवाजात, “अहो विहीणबाई, तिकडे लांब काय बसलात पाहुण्यासारख्या? या इकडे.”

“नको. घाबरेल ती मला.”

“कशाला घाबरते. तुम्हाला औषध पाजता येत नाही, एवढंच.”

विहीणबाईंनी मान हलवली. “नाही येत.”

“मग हात तरी ठेवा तिच्यावर. की तेही विसरलात?”

विहीणबाई काठी टेकत आल्या. सुनेने त्यांच्यासाठी दुसरं स्टूल आणून आक्कांच्या स्टुलाला भिडवलं. आक्कांनी पदर बाजूला केला आणि आपला हात ठिगळीच्या मानेकडे सरकवला. मागे जागा झाली. विहीणबाईंचा हात तिथे टेकला तेव्हा ठिगळी दचकली नाही. तिने कान तेवढा हलवला.

डॉक्टरने गुडघे टेकले आणि सुईचं टोपण काढलं.

“आजी, सुरू करू?”

या मांजरीच्या बाबतीत आक्कांनी चौदा वर्षांत कुणाला काही विचारलं नव्हतं. त्यांनी विहीणबाईंकडे पाहिलं. विहीणबाईंना आधी ते कळलंच नाही. मग त्यांनी डोळे मिटून हळूच होकार दिला.

“करा,” आक्का म्हणाल्या.